सव्वीस वर्षांची कॅराव्हॅन बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून या विषयावर मराठी वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळते आणि बहुतेक वेळा ‘चाकांवरचे पंचतारांकित हॉटेल’ अशाच थाटाचे वर्णन असते. गेली अडतीस वर्षे इंग्लंडमध्ये मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, जोडून हिंडणाऱ्या माझ्यासारखीला ते वाचून हसू येते. इथे ती शिवणयंत्रासारखी घरातली वस्तू असते. तिचे तेलपाणी करायचे, तिला जपायचे आणि शक्यतो टाकायची नाही. आमची टाकावी लागली, म्हणून हे पत्र.

या छंदाची सुरुवात मात्र खरोखरच चैनीची होती. १८८५ मध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यविशारदांनी ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची कॅराव्हॅन बांधून घेतली. सोबत गाडीवान होता आणि रस्ता मोकळा करायला एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. सामान्य माणसाला परवडेल अशी व्हॅन मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, सॅम अल्पर यांच्या ‘स्प्राइट’च्या रूपाने. डर्बीतल्या एका कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या यजमानांनी १९८६ मध्ये घेतलेली आमची पहिली व्हॅनही जुनी स्प्राइटच होती. तिने बारा वर्षे काढली. मग १९९८ मध्ये आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच नवीकोरी व्हॅन घेतली, आणि या पत्राचा विषय ती आहे.

तिच्यात आम्ही नॉर्थंबरलँडचा किनारा, पेम्ब्रोकशर आणि स्कॉटलंडचा बराचसा वायव्य भाग पाहिला. यॉर्कशरमधल्या सटन बँकच्या चढावर कॅराव्हॅनला बंदी असल्यामुळे दर वेळी लांबचा वळसा घातला. खंबाटकीच्या वळणांवर वाढलेल्या माणसाला तो चढ पाहून वाद घालावासा वाटतो, पण मागे सव्वा टनाहून जास्त ओझे असले की वाद घालू नये. निळ्या सिलिंडरमधल्या ब्यूटेनचा थंडीत वायू होत नाही, हे एका ऑक्टोबरच्या पहाटे चहाविना बसल्यावर कळले आणि तेव्हापासून लाल सिलिंडरातला प्रोपेन आला. व्हॅन समपातळीत उभी आहे की नाही हे यजमान पाणसळीने बघत, मी तव्यावरच्या तेलाने. तेल एका कडेला ओघळले की ते निमूटपणे बाहेर जाऊन चाकाखाली आणखी एक फळी सरकवत.

अशा व्हॅनला अखेर मारते ते पाणी. जुन्या पद्धतीत लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवतात आणि सांधे मॅस्टिकने, म्हणजे एका चिकट लांबीने, बंद करतात. रस्त्याच्या हादऱ्यांनी सांधे हलतात, मॅस्टिक वाळून तडकते आणि केसाएवढ्या फटीतून शिरलेले पावसाचे पाणी आतले लाकूड वर्षानुवर्षे कुजवत राहते, तरी भिंतीवरचा कागद मात्र नव्यासारखा दिसतो. २००९ मध्ये मागचा एक कोपरा असा गेला, तेव्हा यजमानांनी कडेची पट्टी उतरवून, जुने मॅस्टिक खरवडून, कुजलेले लाकूड बदलून तो पुन्हा बसवला होता. या खेपेला पुढच्या खिडकीखाली बोट दाबले तर भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. ओल मोजणाऱ्याने यंत्राच्या दोन सुया टोचल्या. वीस टक्क्यांच्या वर आकडा गेला की काळजी करायची असते. आमचा पस्तीसच्या पुढे होता. दुरुस्तीचा खर्च व्हॅनच्या किमतीहून जास्त निघाला, आणि यजमान आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत.

दुसरे कारण वजनाचे. नवख्यांना इथे असा सल्ला देतात की, भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. नाही तर उतारावर शेपूट कुत्र्याला हलवू लागते. आमची नवी मोटार १,५०० किलोची, म्हणजे मर्यादा १,२७५ किलो, आणि जुनी व्हॅन भरल्यावर १,४०० च्या घरात. हिशेब बसेना.

म्हणून तिच्या जागी घेतलेल्या नव्या व्हॅनच्या सांगाड्यात लाकूड नाही, भिंती चिकटवून जोडलेल्या आहेत, वजन कमी आहे आणि पाणी शिरण्याच्या जागाही कमी आहेत. हे सगळे मान्य. पण ती घरी उघडता येत नाही. ओल न शिरण्याची हमी टिकवायची तर दरवर्षी मान्यताप्राप्त कार्यशाळेत तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. ज्या माणसाने सव्वीस वर्षे स्वतःच्या हातांनी सांधे बंद केले, त्याला आता पावती घेऊन खुर्चीत बसून राहावे लागते. ही प्रगती मला पुरती पटलेली नाही.

जुनी व्हॅन नेली ती एका तरुण सुतार जोडप्याने. ओलीचे आकडे आम्ही लपवले नाहीत आणि किंमतही त्याप्रमाणेच सांगितली. शेगडीशेजारच्या ओट्यावर पोळपाटाएवढा हळदीचा पिवळा डाग होता, तो कशानेच निघेना. त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली, तर त्या मुलीने त्यावर हात फिरवून हा रंग कसला म्हणून विचारले. उत्तर देताना माझा आवाज जरा अडला, हे कबूल करते.

आता धोरणाविषयी एवढेच लिहिते. इथे हा छंद मोठ्या ‘पार्कां’इतकाच छोट्या शेतांवरही जगला आहे. १९६० च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त कॅराव्हॅन संघटनेने एखाद्या जागेला प्रमाणपत्र दिले, तर तिथे एका वेळी पाच कॅराव्हॅन उतरवायला वेगळा परवाना लागत नाही. अशा जागा देशभर हजारांनी आहेत. तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ, शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय आणि कचऱ्याची पेटी एवढेच असते. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात आणि आम्हाला ताजी अंडी. कोकणातल्या वाडीला किंवा जुन्नरकडच्या द्राक्षबागेला हे जमण्यासारखे आहे. शासनाने आलिशान गाड्यांना प्रोत्साहन जरूर द्यावे, पण पाच गाड्यांच्या वाडीचाही एक सोपा नियम करावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करते.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, डर्बी (इंग्लंड)