एजंटला टूल देता, मग त्याची माहितीही लिहा

महोदय,

एआय एजंट, म्हणजे एआय मॉडेलच्या जोरावर स्वतः कामे उरकणारे प्रोग्रॅम, यांविषयी हल्ली वरचेवर छापून येते. कोणते मॉडेल किती हुशार, कोणाच्या नोकऱ्या जाणार, यावर रकानेच्या रकाने भरतात. या एजंटच्या हाती जी टूल्स, म्हणजे माहिती आणण्याची किंवा काम करण्याची छोटी साधने, दिली जातात त्यांच्याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. मी नाशिकमध्ये टेक्निकल रायटर आहे. एपीआयचे, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागवण्याच्या सोयीचे, डॉक्युमेंटेशन लिहिणे आणि तपासणे हेच पोटापाण्याचे काम, म्हणून हा पत्रप्रपंच.

एजंटला टूलचा आतला कोड सहसा दिसत नाही. टूलचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि पॅरामीटरची, म्हणजे टूल वापरताना भरायच्या रकान्यांची, यादी, एवढ्यावरच तो ठरवतो की हे वापरायचे का आणि त्यात काय भरायचे. माणूस अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो, जुन्या मेल उकरतो. एजंट बहुतेकदा अंदाज बांधतो आणि पुढे जातो, तेही अगदी ठामपणे.

शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देणाऱ्या एका एजंटची टूल्स तपासायला माझ्याकडे आली होती. बाजारभावाचे टूल केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या एपीआयवर बेतलेले. ते बनवणाऱ्या कंपनीने वर्णन काय लिहावे? ‘मंडीचे भाव आणते.’ संपले! ‘आज लासलगावला कांदा काय भावाने गेला?’ असे विचारले तर उत्तर आले, आज लासलगावला कांद्याची आवक नाही. माझे माहेर निफाड तालुक्यातले. भावाला फोन केला तर तो लिलावातच उभा होता.

झाले होते असे की टूलने दहाच नोंदी मागवल्या आणि त्या दहांत लासलगाव नव्हते. किती नोंदी आणि कितव्या नोंदीपासून हे सांगणारी लिमिट आणि ऑफसेट ही पॅरामीटर टूलमध्ये होती, पण ती कशासाठी हे कुठेच लिहिलेले नव्हते. शिवाय त्या डेटात लासलगाव एकटे नाही. लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) अशा वेगवेगळ्या नोंदी येतात, कारण उपबाजार वेगळे धरले जातात. भाव क्विंटलचा असतो. तारीख आधी दिवस, मग महिना अशी असते, नाहीतर ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे? ‘मोडल प्राइस’ म्हणजे आपल्याकडचा सर्वसाधारण दर. आणि शेतकरी विचारणार ‘उन्हाळ कांदा’, डेटात शेतमालाचे नाव नुसते ‘ओनियन’. निफाडमधल्या शेंबड्या पोराला जे ठाऊक असते ते एजंटला लिहूनच द्यावे लागते.

मी हे सगळे वर्णनात घातले. शेवटी एक ओळ टाकली की नोंद सापडली नाही म्हणजे आवक झाली नाही असे नव्हे, तसे शेतकऱ्याला सांगू नये. कोडला कोणी हात लावला नाही. तरी लासलगावचे उत्तर बरोबर येऊ लागले. अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या इंजिनिअरांनीही २०२४ च्या डिसेंबरमध्ये लिहिले होते की, कोड दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या एजंटला द्यायच्या मुख्य सूचनांपेक्षा टूल्स सुधारण्यातच जास्त वेळ गेला. त्याच्या महिनाभर आधी त्याच कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एजंटला टूल्स जोडण्याची एक सामाईक पद्धत, खुला केला. तेव्हापासून टूल जोडणे फार सोपे झाले आहे, आणि वर्णने मात्र जोडणाऱ्याच्या मर्जीवर.

दुसरा मुद्दा परीक्षेचा. विक्रेता डेमो दाखवतो, डेमो सुरेख होतो. पण डेमो म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम, त्यावरून संसाराचा अंदाज येत नाही. २०२४ मध्ये सिएरा या कंपनीच्या संशोधकांनी ‘टाऊ-बेंच’ नावाची चाचणी आणली. तिच्यात एजंट गोड बोलला का हे पाहत नाहीत. संभाषण संपल्यावर डेटाबेसमध्ये जे व्हायला हवे होते तेच झाले का, हे पाहतात. तेव्हाच्या चांगल्या मॉडेलनाही निम्मीसुद्धा कामे जमली नव्हती. दुकानदारीच्या कामांत तर तेच काम आठ वेळा दिल्यावर आठही वेळा बरोबर येण्याचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आत होते. मॉडेल त्यानंतर सुधारली आहेत, मान्य. तरी ‘आठही वेळा’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारताना मी अजून तरी कोणाला पाहिलेले नाही.

बाजार समित्या, पतसंस्था, नगरपालिका यांना ही विनंती आहे. एजंट विकत घेताना निविदेतच दोन गोष्टी मागा. प्रत्येक टूलचे पूर्ण लेखी वर्णन, त्यात एकके, तारखेची पद्धत आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ हवा. आणि तुमच्याच लोकांनी मराठीत विचारलेल्या प्रश्नांवर, प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारून घेतलेल्या चाचणीचा निकाल. प्रश्न मात्र विक्रेत्याला काढू देऊ नका, काउंटरवर बसणाऱ्या लिपिकाला काढायला सांगा.

– एक टेक्निकल रायटर, नाशिक