लाच की 'भेट'?

महोदय,

अमेरिकेने 1977 मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणाऱ्या स्वतःच्याच कंपन्यांविरुद्ध कायदा केला, तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षे जर्मनीत अशा लाचेवर करसवलत मिळत असे. हे श्रेय अमेरिकेला द्यायलाच हवे. घरच्या पुढाऱ्यांबाबत मात्र तिथले सर्वोच्च न्यायालय लाचेची व्याख्या आकसत चालले आहे. व्हर्जिनिया राज्याचे तत्कालीन गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल यांनी एका उद्योजकाकडून सुमारे पावणेदोन लाख डॉलरच्या भेटी व कर्जे घेतली होती. तरीही केवळ बैठक ठरवून देणे हे लाचेच्या गुन्ह्यासाठी लागणारे 'अधिकृत कृत्य' ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने 2016 मध्ये त्यांच्यावरील दोषसिद्धी एकमताने रद्द केली. 2024 च्या स्नायडर (एक माजी महापौर) खटल्यात तर काम झाल्यानंतर दिलेली बक्षिसी संबंधित केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर ठरली. सामान्य नागरिकाच्या न्यायबुद्धीला हे कसे पटावे?

फ्रान्सची वाट मला अधिक आश्वासक वाटते. 2013 मध्ये अर्थसंकल्प मंत्री जेरोम काउझाक यांचे परदेशातील गुप्त खाते उघड झाल्यावर तिथे आर्थिक गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय अभियोक्ता कार्यालय आणि मंत्री-खासदारांची मालमत्ता तपासणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढे याच कार्यालयाने माजी अध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्यावरही खटला चालवला.

अर्थात, युरोपात सगळीकडे अशी स्वतंत्र देखरेख नाही. डिसेंबर 2022 मध्ये ब्रसेल्समधील छाप्यांत युरोपीय संसदेशी संबंधितांकडे लाखो युरोंची रोकड सापडली, तेव्हा सदस्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणारी संसदेची समिती सदस्यांचीच होती.

— एक वाचक, पुणे