सुट्टीतलं वाचन आणि सप्टेंबरातली परीक्षा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला 'समर रीडिंग'वरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. अमेरिकेतली हायस्कूलची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्रजीच्या शिक्षकांनी दिलेल्या कादंबऱ्या वाचतात, आपली रील्स बघत लोळतात, तेव्हा ही पद्धत आपल्या शाळांनीही आणावी असं लेखकाचं म्हणणं. कृपा करून आणू नका. मी स्वतः हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर झालेय, मुलांनी वाचू नये असं मी म्हणणं शक्यच नाही. पण लेखकाने पुस्तकांची यादी बघितली, ती यादी घेऊन बसलेलं पोर बघितलेलं दिसत नाही. मी बघितलंय.

माझी नात न्यू जर्सीत असते. तिकडच्या शाळा जून संपत आला की सुटतात, त्यामुळे ती साताऱ्याला येते तोवर इथल्या मामेभावंडांच्या शाळा सुरू झालेल्या, बाहेर पाऊस, घरात ती आणि आम्ही दोघं. गेल्या वर्षी अकरावीला ए.पी. इंग्लिश (तिकडचा कॉलेजच्या पातळीचा इंग्रजीचा कोर्स) घेतलं म्हणून बॅगेत नॅथॅनिएल हॉथॉर्नचं 'द स्कार्लेट लेटर', रंगीत स्टिकी नोट्स आणि दोन रकान्यांची वही. डावीकडे पुस्तकातलं वाक्य, उजवीकडे त्यावर तुला काय वाटलं ते. आता १८५० सालची ही कादंबरी, वाक्यं लांबच लांब, आणि सुरुवातीलाच 'द कस्टम-हाऊस' नावाची प्रस्तावना जी संपता संपत नाही. त्यात अमेरिकेतल्या सेलम गावच्या कस्टम हाऊसमधले, म्हणजे जकात कचेरीतले, म्हातारे अधिकारी खुर्च्या भिंतीला रेलून डुलक्या काढतायत, हॉथॉर्नची तिथली नोकरी कशी गेली ते आहे, कथा जवळजवळ नाहीच. खरी गोष्ट नायिका हेस्टर प्रिन तुरुंगाच्या दारातून बाळाला घेऊन बाहेर येते तिथे सुरू होते. वर्गात शिक्षकाने हे एका वाक्यात सांगितलं असतं, पण अवघड पुस्तक नेमकं शिक्षक समोर नसताना दिलेलं! पोरगी रोज संध्याकाळी त्या कस्टम हाऊसमध्येच अडकून पडलेली. वही बघितली तर उजव्या रकान्यात प्रत्येक नोंदीची सुरुवात एकाच ठरलेल्या वाक्याने. वाचत नव्हती ती, रकाने भरत होती.

शेवटी मी तिला म्हटलं, बाळा हे सोड, पुढे चल. दोघींनी मिळून चौथऱ्यावरचा प्रसंग वाचला, लग्नाबाहेर मूल झालं म्हणून शिक्षा, सगळं गाव बघतंय आणि हेस्टर उभी आहे तो, तेव्हा ती पहिल्यांदा आपणहून बोलायला लागली, त्या बाईवर चिडलेल्या बायकांबद्दल, त्यांच्या शाळेतल्या मुलींबद्दल, किती काय काय. ते रकान्यात बसणारं नव्हतं म्हणून लिहिलंच नाही.

आणि एक. कपाटाच्या खालच्या खणात तिच्या आईचे 'किशोर'चे जुने अंक बांधून ठेवलेत. तिकडे रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी अक्षरं जुळवत जुळवत, जमिनीवर बसकण मारून ते वाचत होती, कुणी सांगितलेलं नसताना. फोनवर आईने विचारलं "किती पानं झाली?" तर ही ओशाळली, अंक बाजूला ठेवला. मला ते फार लागलं. सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हौसेने वाचल्याची लाज वाटावी?

सप्टेंबरात शाळा उघडली तशी पहिल्याच आठवड्यात परीक्षा, कुठल्या प्रकरणात कोण काय म्हणालं असले प्रश्न. ती दोन रकान्यांची वही परत आली तेव्हा तिच्यावर नुसती टिकमार्कची खूण होती, आत कुणी वाचल्याचं चिन्ह नाही.

सुट्टीत पुस्तकं दिली की मुलांचं वाचन सुधारतं म्हणून लेखात फ्लोरिडाच्या ज्या अभ्यासाचा दाखला दिलाय (ॲलिंग्टन आणि मॅक्गिल-फ्रान्झेन, २०१०) तोही अर्धाच. ती गरीब घरांतली प्राथमिक शाळेतली मुलं होती, ओळीने तीन उन्हाळे त्यांना प्रत्येकी १२ पुस्तकं घरी न्यायला दिली, आणि ती पुस्तकं मुलांनी स्वतः निवडलेली होती. लेखात हेच गाळलंय. आपल्याकडच्या शाळांनी ही पद्धत उचलली तर निवड गळेल आणि परीक्षा राहील, तीस वर्षं स्टाफरूममध्ये काढल्यावर मला याबद्दल काडीची शंका नाही. त्यापेक्षा मे महिन्यात शाळेची लायब्ररी उघडी ठेवा, कपाटांची कुलपं काढा, पोरांना हवं ते नेऊ द्या.

जाता जाता, आपल्याच पुरवणीतलं मुलांचं पान एप्रिलपासून बंद आहे आणि त्या जागी क्लासेसच्या जाहिराती येतायत. शेजारची दोन पोरं दर रविवारी ते पान मागायला यायची, अजूनही येतात. ते पान पुन्हा कधी सुरू करताय ते कृपया छापून कळवा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा