सोन्याच्या लगडी मोजल्या, माणसे मोजायची राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ एप्रिल जवळ आला की अग्निशमन सेवा सप्ताहाच्या बातम्या येतात. मुंबई गोदीत १९४४ साली झालेल्या स्फोटाची चार ओळींत उजळणी होते आणि त्यात गेलेल्या ६६ अग्निशामकांना मानवंदना दिली जाते. ती द्यायलाच हवी. आगीच्या तोंडाशी उभे राहून पाणी मारताना गेलेली माणसे होती ती. पण या बातम्या वाचताना दरवर्षी एक गोष्ट मनाला लागून राहते, ती यंदा लिहूनच टाकतो.

घटना बहुतेकांना ठाऊक आहे. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज इंग्लंडहून निघाले, वाटेत कराचीला थांबले आणि १२ एप्रिलला मुंबईत व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात, याहून वाईट शेजार तो कोणता! १४ तारखेला दुपारी धूर दिसू लागला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि ढिगारा उपसायला हजारो माणसे पुढे कित्येक महिने राबत होती.

याच जहाजावर इंग्लंडहून आलेले सोने होते. १२४ लगडी. प्रत्येक लगड पावणेतेरा किलोच्या आसपास. त्यातली एक मैलभर उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली, ही गोष्ट मुंबईत आजही सांगितली जाते. पुढे कितीतरी वर्षांनी गाळ काढताना लगडी सापडल्या, त्याच्याही बातम्या झाल्या. सोन्याच्या लगडी किती होत्या, हे आपल्याला नगानिशी माहीत आहे. माणसे किती गेली ते मात्र आजही नक्की सांगता येत नाही. कुठे सातशे-आठशे वाचायला मिळते, तर कुठे तेराशेपर्यंत. अग्निशामकांची मोजदाद झाली, कारण ते हजेरीपटावर होते. फौजेतल्यांचीही झाली. तफावत उरली ती बाकीच्यांची. रोजंदारीवर गाठी उचलणारे हमाल, गोदामातले मजूर, भोवतालच्या वस्तीतली बायका-मुले.

मी हे त्रयस्थपणे लिहीत नाही. माझी आजी काळाचौकीला गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. एका खोलीत दोन पाळ्यांचे मिळून वीसेक गडी जेवायचे, बहुतेक कोकणातले. त्यातला एक राजापूरकडचा, गिरणीत गैरहजर कामगाराच्या जागी बदलीचे काम मिळाले नाही की गोदीवर जायचा. त्या शुक्रवारी तो गोदीवर गेला. आजी सांगायची, चारच्या पुढे भांडी फळीवरून खाली आली, गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि थोड्याच वेळात पूर्वेकडचे आभाळ काळेठिक्कर झाले. रात्री तिने त्याचे ताट वाढून झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशीही ठेवले. त्याचे प्रेत मिळाले नाही, नाव कुठल्या यादीत लागले नाही, गावी निरोप गेला तो दुसऱ्या गाववाल्याच्या तोंडून. रेशनकार्ड मात्र आजीकडेच राहिले, कारण सगळ्यांची कार्डे तीच सांभाळायची. दाण्यादाण्याची टंचाई होती तरी त्या कार्डावर तिने एकदाही धान्य उचलले नाही. मी लहानपणी ते कार्ड पाहिले आहे. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत.

युद्ध युरोपात आणि ब्रह्मदेशात चालले होते. पण त्याचा घास मुंबईच्या ताटातून जात होता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. कोकणी माणसाला भात नसला तर जेवल्यासारखे वाटत नाही. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले, देशातल्या इतर शहरांच्या आधी. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. मुंबईत ती पाळी आली नाही, यात रेशनिंगचा वाटा मोठा आहे हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण ते कसे निभावले, हे पहाटे चारला रांगेत पिशवी ठेवणाऱ्या बायकांना विचारायला हवे होते. तांदळाऐवजी बाजरी मिळाली की आजी भाकऱ्या थापायची आणि गडी कुरकुरत खायचे. पाळीचा भोंगा काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

गिरण्यांचे तेच. आजोबा रंगखात्यात होते. युद्धाच्या काळात रात्रपाळ्या वाढल्या आणि फौजेसाठी खाकी कापडाचे तागेच्या तागे निघू लागले. आजोबांच्या नखांच्या कडा खाकी झाल्या होत्या, घासूनही जायच्या नाहीत, असे वडील सांगायचे. आणि ज्या घरातला माणूस रात्रभर कापड रंगवत होता, त्याच घरातल्या बाईला धड लुगडे मिळत नव्हते. बाजारात कापडाचे भाव इतके चढले की १९४३ च्या जूनमध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले. आजीने दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग काढून, दंड घालून एक केले आणि तेच नेसून दिवस काढले. गिरणीमालकांनी त्या वर्षांत बक्कळ नफा कमावला. कामगारांना मात्र १९४० च्या मार्चमध्येच महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप करावा लागला होता. आज नोकरदाराच्या पगारपत्रकात 'महागाई भत्ता' हा रकाना असतो, त्यामागे गिरणगावातल्या चुलींची ही झळ आहे.

नाणीसुद्धा युद्धावर गेली होती. चांदी कमी पडली म्हणून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, एक रुपयाची कागदी नोट आली. १९४३ मध्ये तांबे वाचवायला पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पाडले. तो भोकाचा पैसा जुन्या माणसांना नक्की आठवत असेल. आजी ते पैसे सुतळीत ओवून खुंटीला अडकवायची. खानावळीचा हिशेब त्या माळेवर चालायचा.

आता जरा वेगळी बाजू. आपण घरी राहून युद्धाला हातभार लावला असे म्हणताना, तो हातभार आपल्याला विचारून घेतला नव्हता हे विसरता येत नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याआधी २ ऑक्टोबरला मुंबईच्या कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'ची घोषणा झाली. साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या गावागावांतून पोरे फौजेत होती. माझ्या आत्याच्या सासरी थोरला भाऊ इटलीत लढत होता आणि धाकटा प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होता. थोरल्याची मनीऑर्डर यायची, त्यावर घर चालायचे, आणि त्याच घरात रात्री भूमिगतांना भाकरी मिळायची. दोघांपैकी कोण खरा, असा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारला नाही. दोघांचेही फोटो एकाच भिंतीवर आहेत.

आणि एक योगायोग तर मला दरवर्षी अस्वस्थ करतो. १४ एप्रिल १९४४, ज्या दिवशी मुंबईची गोदी उडाली, त्याच दिवशी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांच्या आसपासचा सरकारी खजिना लुटला. एकाच दिवशी, एकाच मुंबई इलाख्यात, एकीकडे इंग्रजांचे युद्ध पेलताना माणसे जळत होती आणि दुसरीकडे इंग्रजांचे राज्य उलथायला माणसे जीव पणाला लावत होती. चिमठाण्याच्या वीरांना स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात जागा मिळाली. गोदीतला हमाल मात्र धड इकडचा ना धड तिकडचा. साहेबाच्या लेखी तो रोजंदारीवरचा, आणि आपल्या लेखी तो साहेबाच्या कामावर गेलेला. त्याचे नाव मागे पडले, ते यामुळे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

लढाईवर गेलेल्यांची आठवण आपण बऱ्यापैकी ठेवली आहे. माणगावचे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या दोघा मराठा वीरांना इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांच्याबद्दल लिहिले जाते. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, त्यामागचे डॉ. आंबेडकरांचे प्रयत्नही आता लोकांना माहीत आहेत. कोल्हापूरने तर फार मोठी गोष्ट केली. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला. त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च तिथे उभे राहिले. त्यातली लहान मुले म्हातारी होऊन कोल्हापूरला पुन्हा भेटीला आली. त्यांनी आठवण धरून ठेवली, म्हणून वळिवडे आज नकाशावर आहे. कल्याणजवळच्या फौजी छावणीचे नशीब तसे नाही. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित वसले, उल्हासनगर झाले. लोक आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' म्हणत रिक्षात बसतात, पण हा 'कॅम्प' कुठून आला हे तिथल्या तरुणाला सांगणारे फारसे कुणी उरले नाही.

संपादक महाशय, माझी आपल्याला एकच विनंती आहे. आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा, अर्धा रकाना का होईना, 'महायुद्ध आणि आमचे घर' अशा विषयासाठी मोकळा ठेवावा. वाचकांना जुनी रेशनकार्डे, गिरणीची हजेरीपुस्तके, ब्लॅकआऊटच्या आठवणी, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात राबलेल्या आजोबांची ओळखपत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या पाठवायला सांगावे. विशेष करून गोदीच्या स्फोटात ज्यांच्या घरचे माणूस परतले नाही, त्यांना नावे कळवायला सांगावे. नाव, गाव आणि शेवटचे काम, एवढे तीन तपशील पुरेत. ही नावे गोळा झाली की राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे देता येतील आणि पुढे कुणी अभ्यासकाने ती कागदपत्रांशी ताडून पाहावीत.

हे काम पुढल्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. आमच्या चाळीतल्या ज्या म्हाताऱ्या बाईंनी तो धुराचा लोट डोळ्यांनी पाहिला होता, त्या मागच्या पावसाळ्यात गेल्या. त्यांना विचारायचे राहून गेले, याची चुटपुट मला रोज आहे.

आपण रकाना सुरू केलात तर पहिले नाव मी कळवीन. खानावळीतल्या त्या गड्याचे पूर्ण नाव कार्डावर होते. ते कार्ड चाळ सोडताना गहाळ झाले, पण वडिलांनी नाव आणि गाव एका वहीत उतरवून ठेवले आहे. ती वही माझ्यापाशी आहे. सुतळीत ओवलेले सात भोकाचे पैसेही आहेत, त्यांचा फोटो सोबत धाडीन.

कळावे,
आपला,
काळाचौकीचा एक जुना वाचक