बाबांच्या दंडावरची देवीची खूण

पुणे

तीर्थरूप आई-बाबा यांस साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांचे बोलणे मी मध्येच तोडले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. 'करोनाच्या लशीने माणसांची प्रतिकारशक्तीच गेली, म्हणून तुझ्या मावशीला नागीण झाली,' हे बाबांचे म्हणणे मला पटले नव्हते. पण का पटले नाही, हे घाईत सांगता आले नाही. म्हणून हे पत्र.

मावशीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, हे आईच सांगते. कांजिण्यांच्या खपल्या गळून पडल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींमध्ये तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. वय वाढले, मधुमेह जडला किंवा स्टेरॉईडचे औषध बरेच दिवस चालले, की हा पहारा सैल पडतो आणि विषाणू ज्या चेतातंतूच्या मुळाशी दडलेला असेल, त्याच वाटेने कातडीपर्यंत येतो. तीच नागीण. हे चेतातंतू डाव्या आणि उजव्या अंगाला वेगवेगळे जात असल्यामुळे पुरळ बहुधा एकाच बाजूला उठते आणि पोटाच्या मध्यावर येऊन थांबते. नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, असे आपल्याकडे सगळेच सांगतात. ती जुळलेली पाहिलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही. त्या भीतीपायी आपण चार दिवस काव लावण्यात घालवले. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. अर्थात गोळ्या वेळेवर घेऊनही पुरळ गेल्यानंतरची आग काही जणांच्या मागे राहतेच, त्यामुळे मावशीला आज लुगड्याची गाठही सोसवत नाही याचा सगळा दोष मी त्या चार दिवसांना देणार नाही. करोनाच्या लशीनंतर थोड्या दिवसांत नागीण उठल्याच्या नोंदी आहेत, हेही मान्य. पण मावशीने शेवटचा डोस घेतल्याला तेव्हा तीन वर्षे होऊन गेली होती.

बाबांचा दुसरा मुद्दा असा, की आजार अंगावर काढला म्हणजे शरीर आपोआप तयार होते. काही अंशी ते खरे आहे, कारण एकदा गोवर येऊन गेलेल्याला सहसा पुन्हा गोवर येत नाही. परंतु आई, धाकट्या मामाची गोष्ट तूच सांगतेस ना? गोवर उतरल्यावर वर्षभर त्याचा कधी कान वाहायचा, कधी छाती भरायची, आणि आजी म्हणायची, 'गोवर अंगात जिरला.' आजीचे निरीक्षण अचूक होते. गोवराचा विषाणू पूर्वीच्या जंतूंची आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. लस न घेतलेल्या नेदरलँड्समधील मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासून २०१९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या मुलांनी इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे (अँटीबॉडी) गमावल्याचे आढळले. गोवराची लस घेतलेल्या बाळांमध्ये अशी घट दिसली नाही. म्हणजे धडा एकच असला, तरी आजाराने तो शिकवताना मागची बरीचशी पाटी पुसली जाऊ शकते.

प्रत्येक विषाणू असा वागत नाही. फ्लूचा विषाणू आठवण पुसत नाही, पण श्वासमार्गाचे अस्तर खरवडून ठेवतो आणि त्या वाटेने न्यूमोनियाचे जंतू आत शिरतात.

आता वयाचे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी तिथे परिपक्व होतात, आणि ही ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते. त्यामुळे सत्तरीत नव्या शत्रूला ओळखणाऱ्या ताज्या पेशी थोड्याच उरतात आणि लशीलाही शरीर पूर्वीइतका जोरदार प्रतिसाद देत नाही. भारतात २०२३ पासून मिळणारी नागिणीची लस हे ध्यानात घेऊनच बनवलेली आहे: तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याचे केवळ एक प्रथिन आहे, आणि सोबत पेशींना खडबडून जागे करणारे एक पूरक द्रव्य आहे. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावे लागतात. सत्तरी ओलांडलेल्यांवरील चाचण्यांत तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. दंड ठणकेल, एक-दोन दिवस कणकण वाटेल, तेव्हा 'बघ, लशीने आजारी पाडले,' असे म्हणून मला फोन करू नका. पेशी कामाला लागल्याची ती खूण आहे.

लशीने कधीच काही होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर दर लाखामागे साधारण एका व्यक्तीला गीयां-बारे हा चेतातंतूंचा आजार जास्तीचा झाला, आणि कोव्हिशिल्डनंतर रक्तात गुठळ्या झालेली अत्यंत विरळ प्रकरणेही खरी आहेत. या गोष्टी नोंदवल्या गेल्या, त्यांच्यावर चर्चा झाली, म्हणून तर आपल्याला त्या ठाऊक आहेत. बाबा, तुमच्या दंडावरची देवीची खूण तुम्ही नातवंडांना कौतुकाने दाखवता. त्या लशीत तर जिवंत विषाणू होता आणि तिचे दुष्परिणाम आजच्या लशींपेक्षा अधिक होते. तरीही तिच्यामुळेच जगातून देवी हद्दपार झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, आणि माझ्या दंडावर ती खूण काढण्याची वेळच आली नाही.

पुढच्या शनिवारी मी कोल्हापूरला येते. राजारामपुरीतल्या आपल्या डॉक्टरांकडे तिघे मिळून जाऊ. बाबांनी साखरेचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी काढून ठेवावी, आणि आईने गुडघ्यासाठी मध्यंतरी घेतलेल्या इंजेक्शनचा कागद शोधावा, कारण ते स्टेरॉईडचे होते का, हे डॉक्टर विचारतील. फ्लूची लस पावसाळा लागण्यापूर्वी घ्यायची आहे, तिचेही त्याच वेळी ठरवू. नागिणीची लस स्वस्त नाही. तो खर्च माझा, यावर वाद नको. बाबांच्या ज्या शंका माझ्याकडून सुटल्या नाहीत, त्या त्यांनी कागदावर लिहून आणाव्यात आणि डॉक्टरांसमोर माझ्यादेखत विचाराव्यात.

तुमची,
धाकटी