गुरुजींची कॅमेऱ्याकडे एक नजर

संपादक महोदय,

विनोदी मालिका म्हटली की मागून हशा वाजलाच पाहिजे, अशी आपल्या वाहिन्यांची ठाम समजूत दिसते. त्यांनी क्विंटा ब्रन्सन यांच्या ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ या अमेरिकी मालिकेचा डिसेंबर २०२१ मधला पहिला भाग पाहावा. फिलाडेल्फियातल्या एका सरकारी शाळेवर माहितीपट काढणं चालू आहे, असा बनाव रचून तो चित्रित केला आहे. वर्गातली सतरंजी पार खराब झालेली, शिक्षिका नवी मागते. आलेला निधी मात्र मुख्याध्यापिकाबाई शाळेच्या नव्या पाटीवर उडवतात आणि पाटीवर फोटो त्यांचाच! या मालिकेत अशा वेळी आरडाओरडा होत नाही. बदली शिक्षक ग्रेगरी नुसता कॅमेऱ्याकडे बघतो. ती नजर आपल्याला साक्षीदार करते, म्हणून हसू येतं.

परभणी-हिंगोलीकडच्या जिल्हा परिषद शाळांत नोकरी केलेल्यांना यातलं काय परकं वाटणार? पत्रे गळतात, फाटकावरचा फ्लेक्स मात्र कोरा करकरीत. केंद्रप्रमुख येणार म्हटलं की रातोरात रंगणारे फळे, खिचडीचा हिशेब, रेंज नसताना भरायची ऑनलाइन माहिती. अशी मालिका मराठीत करायची तर लेखकाला फार डोकं खाजवावं लागणार नाही. आमची बोली गड्याच्या नाहीतर खुळ्याच्या तोंडीच घालायची सवय तेवढी सोडावी लागेल. सेटही नको, एखादी खरी शाळा दिवाळीच्या सुट्टीत मिळू शकते.

– एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)