बाबांच्या हानेमानचं गाव

आई, बाबा,

फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. काँट्रॅक्ट अजून दोन वर्षं वाढवलंय, परवाच सही केली. लगेच चिडू नका. पैशासाठी नाही, म्हणजे तेही आहेच, पण इथे रोमानियात, सिबियूत आत्ता कुठे टीम माझं ऐकायला लागलीय. घर छान उबदार आहे, तूरडाळ ऑनलाइन मागवते, आई मी रोज वरण-भात खाते, शप्पथ.

बाबा, आता तुमच्यासाठी गंमत. इथल्या मोठ्या चौकात सॅम्युएल फॉन ब्रुकेन्थालचा वाडा आहे. हा १७७७ ते १७८७ ट्रान्सिल्व्हेनियाचा गव्हर्नर, तेव्हा हा मुलूख हंगेरीच्या मुकुटाचा आणि सगळी सूत्रं व्हिएन्नात. करपद्धत सुधारायला निघालेला, दरबार कॅथलिक तरी हा ल्युथरनच राहिला. तर याने घरचा डॉक्टर आणि पुस्तकांची यादी करायला कोणाला आणलं? व्हिएन्नात शिकता शिकता पैसे संपलेल्या २२ वर्षांच्या हानेमानला! तुमच्याच त्या निळ्या डब्याचा हानेमान!! फक्त होमिओपॅथी त्याने पुढे १७९६ ला मांडली, इथे तो पुस्तकं आणि नाणी लावत होता, त्यामुळे त्याचं नाव सांगून बीपीची गोळी बंद करायची नाही.

वाड्यात यान व्हान आयक या जुन्या चित्रकाराने काढलेलं एक चित्र आहे, वहीच्या पानाएवढं, निळी टोपी घातलेला माणूस, हातात अंगठी आणि गालावर दोन दिवसांची दाढी. रविवारचे तुम्ही, अगदी. दाढी टोचते म्हणून मी ओरडायचे आणि तरी मांडीवरून उतरायचे नाही, ते आठवलं आणि तिथेच डोळे भरून आले, गार्ड बघायला लागला.

व्हिएन्नाच्या सम्राटाने, जोसेफ दुसऱ्याने, ब्रुकेन्थालला घरी बसवलं, पण तो रुसून नाही बसला, चित्रं-पुस्तकं जमवत राहिला. मृत्युपत्रात लोकांसाठी सोय करून गेला, १८१७ मध्ये संग्रहालय उघडलं. (टोमणा नाही हं बाबा. पण माळ्यावरची पुस्तकं लावायला घ्या. स्टुलावर चढायचं नाही, विकी येईल तेव्हाच.)

दिवाळीला तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. आई, गुडघ्याचा एक्स-रे त्याआधी झाला पाहिजे, मावशीच्या वेळेसारखं नको. आणि बाथरूममधला तो दांडा बसवून घ्या, बसवल्यावर फोटो पाठवा, पकडून उभे असलेले बाबा दिसले पाहिजेत.

तुमची,
ठमी